बारावीनंतर – लेखांक ७ : फौजेची दोन दारं

वाळूजकरांना फौज परकी नाही. शहरात जायचं तर छावणी ओलांडावी लागते, आणि उलट दिशेला हाच रस्ता अहिल्यानगरला पोचतो, जिथे लष्कराच्या रणगाडा दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे. पहाटे एमआयडीसीच्या रुंद रस्त्यांवर पोरं धावताना दिसतात. कशाची तयारी चाललीय असं विचारलं की उत्तर ठरलेलं : भरती. म्हणजे अग्निवीर, नाहीतर पोलिस. त्याच वयात अधिकारी होण्यासाठीही अर्ज भरता येतो, हे या पोरांना फारसं कुणी सांगत नाही. माझी तक्रार तिथेच आहे.

आधी ओळखीचं दार. जून २०२२ मध्ये अग्निवीरांच्या चार वर्षांच्या भरतीची अग्निपथ योजना जाहीर झाली. वय साडेसतरा पूर्ण हवं. जनरल ड्यूटीसाठी दहावीला एकूण ४५ टक्के आणि प्रत्येक विषयात ३३ पुरतात. टेक्निकलला बारावी सायन्स किंवा दहावीवर आयटीआय चालतो. आता आधी संगणकावर लेखी परीक्षा होते, मैदान नंतर. म्हणजे नुसत्या पायांवर भागत नाही. १६०० मीटर साडेपाच मिनिटांत मारले की ६० गुण, दहा बीम (पुल-अप) काढले की ४०. एनसीसीचं प्रमाणपत्र असेल तर जादा गुण मिळतात.

पैशाचा हिशेब घरात नीट मांडा. पहिल्या वर्षी महिना ३०,००० रुपये. त्यातले ९,००० सेवानिधीत जातात, हातात २१,००० येतात. चौथ्या वर्षी पगार ४०,००० होतो. सेवानिधीत सरकार तेवढीच भर घालतं आणि चार वर्षांअखेर व्याजासह सुमारे ११.७१ लाख रुपये करमुक्त मिळतात. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. जास्तीत जास्त २५ टक्के अग्निवीर कायम होतात. बाकीच्यांना एकविशी-बाविशीत घरी यायचं. केंद्रीय सशस्त्र पोलिस दलांत त्यांच्यासाठी आरक्षण जाहीर झालं आहे, पण पहिल्या तुकड्यांची मुदत २०२६ च्या अखेरीपासून संपायला लागते. किती जणांची खरोखर सोय लागते हे तेव्हाच कळेल. कंपनीत कंत्राटावर राबणाऱ्या पोराला हा सौदा वाईट नाही. फक्त चार वर्षांनंतरचा बेत जातानाच ठरवून ठेवावा.

आता दुसरं दार : खडकवासल्याची एनडीए. यूपीएससी वर्षातून दोनदा परीक्षा घेते आणि दर खेपेला सुमारे ४०० जागा असतात. वय साडेसोळा ते साडेएकोणीस. लेखी परीक्षा ९०० गुणांची, त्यात गणित ३००. तेवढ्याच ९०० गुणांची एसएसबीची, म्हणजे सेवा निवड मंडळाची मुलाखत, जी चार-पाच दिवस चालते. तिथे घोकंपट्टी उघडी पडते. अनोळखी पोरांत मिसळून काम करता येतं का, हे पाहिलं जातं. निवड झाली की पदवी आणि प्रशिक्षण सरकारी खर्चाने.

लष्करासाठी कोणत्याही शाखेची बारावी चालते. हवाई दल आणि नौदलाला मात्र बारावीत भौतिक, रसायन आणि गणित लागतं. शाखा कोणतीही असो, परीक्षेतलं गणित चुकत नाही. बारावीला ‘गणित नको’ म्हणून सुटलेल्या हुशार मुलासाठी हे दार अर्धंअधिक बंद झालेलं असतं, आणि तो निर्णय त्याने पंधराव्या वर्षी, बहुधा मित्रांचं बघून घेतलेला असतो. ज्यांचं गणित पक्कं आहे त्यांना जेईई मेन्सच्या गुणांवर लष्कराची टेक्निकल एंट्री आणि नौदलाची बी.टेक. एंट्री असे आणखी दोन रस्ते आहेत. डॉक्टर व्हायचं असेल तर नीटमधून पुण्याचं एएफएमसी.

या तयारीसाठी लोक पुण्या-नाशकाचे क्लास शोधतात. वास्तविक राज्य सरकारची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था १९७७ पासून आपल्याच शहरात आहे. दहावीनंतर लेखी परीक्षा आणि मुलाखतीतून मुलं निवडतात आणि अकरावी-बारावीची दोन वर्षं एनडीएची तयारी करून घेतात. ही संस्था मुलांची. मुलींसाठी अलीकडे नाशिकला तशीच संस्था निघाली. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर मुलींना एनडीए खुली झाली, आणि २०२५ च्या मे महिन्यात पहिल्या १७ मुली तिथून उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या. लष्करात अग्निवीर म्हणून मात्र मुलींना फक्त मिलिटरी पोलिसातच जागा आहे.

दार कोणतंही असो, घाम गाळण्याआधी डॉक्टरकडे जाऊन सपाट तळपाय, गुडघे, नजर आणि रंगांधळेपणा तपासून घ्या. जत्रेत हौसेने गोंदवलेलंही आड येऊ शकतं. आणि अर्जाच्या शुल्कापलीकडे ‘सेटिंग’साठी कुणी एक रुपया जरी मागितला तरी तो दलाल आहे, मग तो नात्यातला का असेना. एनडीएचे अर्ज यूपीएससीच्या संकेतस्थळावर साधारणपणे डिसेंबर आणि मे महिन्यांत निघतात. बारावीत शिकत असतानाही ते भरता येतात.