काटक वेल कुणाला म्हणायचं?

युरोपातला माळी बर्फात तगणाऱ्या वेलीला काटक म्हणतो. आपल्याकडची परीक्षा निराळी. एकट्या सातारा जिल्ह्यातच बघा. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळतो आणि तिथून सरळ रेषेत शंभरेक किलोमीटरवर, माणमधल्या दहिवडीला, जेमतेम पाचशेच्या आसपास. तेव्हा ‘कुठली वेल लावू?’ असं कुणी विचारलं, तर आधी त्याचं गाव विचारावं.

घाटमाथ्याच्या धुक्यापावसात मोरवेल खुशाल वाढते. तिला तणावे नसतात. पानाचा देठच फांदीला वेढा घालून चढतो.

माण, आटपाडी, जतच्या उन्हाला मात्र गुळवेलच पुरी पडते. उन्हाळ्यात ती पानं टाकते आणि मेल्यासारखी दिसते. खोडाची कागदासारखी साल नखानं खरवडली, की आत हिरवंगार खोड! पानं नसतानाही या हिरव्या खोडावर तिचं भागतं. तिला बुडाशी तोडलं, तर वर लोंबकळणारं खोड सुतळीसारखी मुळं खाली सोडतं आणि ती जमिनीला टेकली की वेल पुन्हा चालू. ‘अमृता’ हे नाव तिला उगाच मिळालेलं नाही. बोगनवेलही तितकीच चिवट. पाण्याचे लाड केले तर नुसती पानंच वाढवते.

पण सर्वांत कठीण परीक्षा दिली ती सांगलीच्या द्राक्षवेलीनं. क्षारयुक्त पाणी आणि दुष्काळ यांपुढे स्वतःच्या मुळांवरच्या बागा हटू लागल्या, तेव्हा मुळं परकी आणली गेली. टेक्सासच्या रानवेलींतून आलेला ‘डॉगरिज’ खुंट आधी लावायचा आणि पावसाळा सरता सरता त्यावर हव्या त्या जातीचं पाचर कलम भरायचं. त्यातली ‘तास-ए-गणेश’ तर इथलीच, तासगाव तालुक्यातल्या बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी थॉम्पसन सीडलेसमधून निवडलेली. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी, असे वर्षाला दोन घाव सोसून ही वेल घड देते.

तरीही अंगणात द्राक्षवेल लावू नये, असंच माझं मत. भुरी आणि डाऊनी या रोगांसाठी फवारणीचा पंप पाठीवर घेऊन फिरणं घरच्या बागेला परवडत नाही. त्यापेक्षा पहिला पाऊस झाला, की बोटभर जाडीची, वीतभर लांब गुळवेलीची काडी मोठ्या कडुलिंबाच्या बुडाशी खोचा. लहान झाडावर मात्र चढवू नका. ती त्याला झाकून टाकते.