शिकवण्याआधी पाहणे

इटलीत प्राथमिक शाळेत शिकवायचे तर विद्यापीठाची सलग पाच वर्षांची पदवी घ्यावी लागते, आणि त्यातच 600 तासांचे 'तिरोचीनियो', म्हणजे शाळेतली उमेदवारी, सक्तीची असते. 2010 च्या मंत्रालयीन आदेशाने ही रचना ठरवून दिली. उमेदवारी दुसऱ्या वर्षी सुरू होते आणि पुढे वाढत जाते. काही तास विद्यापीठातल्या चर्चेत आणि नोंदी तपासण्यात जातात, बाकीचे प्रत्यक्ष वर्गात. आपल्याकडे 'पाठ घ्यायचा' म्हटले की डी.एड. झालेल्या कुणालाही टाचण, तक्ते आणि मागे बसलेले निरीक्षक आठवतात. इटलीत सुरुवातीला त्या निरीक्षकाच्या जागी विद्यार्थिनीच वही घेऊन बसते. (या वाटेने येणाऱ्यांत मुलीच बहुसंख्य असतात.) पाठ तिलाही घ्यायचे असतात, पण नंतर. हा क्रम मला योग्य वाटतो. बघत बसण्यात वेळ फुकट जातो, असे मानणाऱ्यांनी त्या वेळात काय दिसते हे नीट पाहायला हवे.

व्हेनेतो भागातल्या पहिलीच्या वर्गात श्रुतलेखन चालू आहे असे समजा. चौकटीच्या वह्यांवर मुले मोठ्या छापील अक्षरांत लिहीत आहेत. जोडून लिहायचे वळणदार अक्षर नंतर येते. आजोबांसाठीचा शब्द 'नोन्नो'. एक मूल त्यात मधला 'एन' एकदाच लिहिते. फळ्याजवळ उभ्या असलेल्या शिक्षिकेला चूक दिसते, वहीवर लाल खूण होते आणि पुढचा शब्द येतो. शेजारी बसलेल्या विद्यार्थिनीला मात्र आणखी काही ऐकू येते. ते मूल लिहिताना शब्द पुटपुटते, आणि पुटपुटण्यातही ते 'नोनो'च म्हणते. त्या भागातल्या बोलीत जोड व्यंजने सुटी होतात. घरी कानावर तेच पडते. म्हणजे दोष हाताचा नाही, निष्काळजीपणा तर नाहीच. तोच शब्द दहादा लिहून घेतला तरी ही चूक जाणार नाही. आधी कानाला फरक कळला पाहिजे, त्यासाठी शब्द तोंडाने ताणून, टाळी वाजवून म्हणावा लागेल. 'न' आणि 'ण' यांचा घोळ घालणारी मुले ज्यांनी शिकवली आहेत त्यांना हे वेगळे सांगायला नको. चुकीचे कारण शोधायला मुलाच्या ओठांपर्यंत पोचावे लागते, आणि सगळा वर्ग सांभाळणाऱ्या बाईंना तेवढी फुरसत त्या क्षणी नसते.

दुसरी गोष्ट वर्गातल्या मोठ्या माणसांची. 1977 च्या 517 क्रमांकाच्या कायद्याने इटलीने वेगळे वर्ग बंद केले आणि अपंग मुलांना सर्वांच्या वर्गात आणले. त्यांच्यासाठी येणारी साहाय्यक शिक्षिका कायद्याने अख्ख्या वर्गाची असते. प्रत्यक्षात ती तशी आहे की एका मुलाला घेऊन कोपऱ्यात बसते, हे व्याख्यानात कळत नाही. ते खुर्ची कुठे मांडली आहे यावरून कळते. तिसरी गोष्ट वर्गाबाहेर दिसते. पूर्ण वेळेच्या शाळेत आठवड्याचे 40 तास असतात आणि दुपारचे जेवणही शाळेच्या वेळेतच धरले जाते. गणिताच्या तासाला तोंड न उघडणारी मुलगी जेवणाच्या टेबलावर पाच जणांना पाणी वाढते, भांडण मिटवते. हे पाहिलेल्या विद्यार्थिनीच्या वहीत तिच्याबद्दल 'अबोल' एवढीच नोंद राहत नाही.

पोहायला पाण्यातच उतरावे लागते, शिकवणेही शिकवूनच येते, असे यावर म्हटले जाईल. ते खरे आहे, म्हणून तर पुढच्या वर्षांत पाठ असतात. पण काय पाहायचे हे माहीत नसलेला माणूस आपला पाठ फसला की नाही हेसुद्धा फक्त वर्गातल्या शांततेवरून ठरवतो. पाहण्यातून जुन्या सवयीच उचलल्या जातात, हा आक्षेप अधिक गंभीर आहे. त्याला उत्तर विद्यापीठातल्या चर्चेत आहे. ती चालवणारे समन्वयक स्वतः शाळेत शिकवणारे असतात आणि या कामासाठी त्यांना शाळेच्या निम्म्या तासांतून सूट मिळते. ही चर्चा ढिली पडली किंवा विद्यार्थिनीला नुसत्या झेरॉक्स काढायला पाठवले, तर निरीक्षणाला काही अर्थ उरत नाही, हे मी मान्य करतो.

सर्वांत अवघड प्रश्न शिक्षकांच्या तुटवड्यातून येतो. 2020 पासून तिसऱ्या आणि त्यापुढच्या वर्षांतल्या विद्यार्थिनींना, ठरलेले श्रेयांक असल्यास, बदली शिक्षकांच्या यादीत नाव नोंदवता येते. जी एकटीने वर्ग चालवते तिला पुन्हा मागे का बसवायचे? शिकता शिकता कमवायची गरज खरी आहे, आणि या बदलीच्या कामाचे तास उमेदवारीत धरावेत ही मागणी रास्त आहे. ते शेवटच्या वर्षांतल्या पाठांच्या तासांतून जरूर वळते करावेत. पण एकटीने वर्ग सांभाळणारी विद्यार्थिनी त्या पुटपुटणाऱ्या मुलाच्या शेजारी बसू शकत नाही. दुसऱ्या वर्षाचे निरीक्षणाचे तास कोणत्याही पगारी कामाच्या बदल्यात माफ होता कामा नयेत.