हात लावण्याआधीचं शून्य

चाळीसगावच्या भडगाव रोडवरच्या गॅरेजात लिफ्टवर घेतलेल्या गाडीची तक्रार किरकोळ होती. कन्नडचा घाट चढताना एसी गार करेना, एवढंच मालकाचं म्हणणं. पेट्रोल-डिझेलच्या गाडीत एसीचा कॉम्प्रेसर इंजिनाच्या बेल्टवर फिरतो. मिस्त्री बेल्ट बघतो, गॅसचं प्रेशर बघतो आणि तासाभरात गाडी रस्त्याला लागते. ही गाडी विजेवर चालणारी होती. तिचा कॉम्प्रेसर थेट मोठ्या बॅटरीवर, म्हणजे तीनशेहून जास्त व्होल्ट डीसीवर चालतो. त्याच्याकडे जाणारी केबल नारिंगी असते. गाडीत ६० व्होल्टच्या वर डीसी वाहून नेणारी केबल दिसली की ती याच रंगाची असणार. नारिंगी दिसलं की थांबायचं, हे गॅरेजातल्या दोन्ही पोरांना पाठ आहे. थांबल्यावर काय करायचं, ते सध्या थोरल्यालाच येतं.

थोरला आयटीआयचा इलेक्ट्रिशियन, नंतर विजेच्या गाड्यांचं प्रशिक्षण घेऊन आलेला. त्याने गाडी बंद केली आणि चावी आतल्या खोलीतल्या कपाटात ठेवून आला. या गाड्यांना चावी नुसती जवळ असली तरी पुरते. खिशात चावी घेऊन कोणी बॉनेटपाशी उभं राहिलं तर गाडी जागी होऊ शकते. मग मनगटावरचं कडं, बोटातली अंगठी, गळ्यातली चेन, सगळं काढून एका डबीत. मग १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सोडवलं. मोठी बॅटरी आणि बाकीची गाडी यांच्यामध्ये काँटॅक्टर असतात आणि त्यांना धरून ठेवणारी वीज याच छोट्या बॅटरीची. ती तुटली की काँटॅक्टर उघडतात, नारिंगी केबल बॅटरीपासून सुटते. निदान सुटायला हवी. काँटॅक्टरचे पॉइंट चिकटून बसल्याची उदाहरणं आहेत, म्हणून एवढ्यावर विसंबून कोणी काम सुरू करत नाही.

पुढचं काम हातमोज्यांचं. रबराचे, क्लास ० दर्जाचे. १,००० व्होल्टपर्यंत वापरायचे आणि ५,००० व्होल्टवर तपासून आलेले. त्याने मनगटाकडून मोजा गुंडाळत आणला, आत हवा कोंडली, फुगलेली बोटं दाबली आणि गालाजवळ धरून प्रत्येक बोट फिरवलं. टाचणीच्या टोकाएवढं भोक असलं तरी हवा गालाला लागते. मोजे वापरायच्या आधी दर वेळी हे करायचं, नवा जोड असला तरी. दर सहा महिन्यांनी ते प्रयोगशाळेत तपासून घ्यायचे आणि तारीख मोज्यावर लिहायची. वरून कातड्याचे मोजे, कारण रबर विजेला अडवतं पण पत्र्याच्या धारेला अडवत नाही.

हे सगळं वाचायला सोपं आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. पत्र्याच्या शेडखाली आत सुती, मध्ये रबरी, वर कातडी असे तीन थर हातात चढवून बघा. पाच मिनिटांत घाम कोपरापर्यंत येतो आणि बारीक क्लिप पकडता येत नाही. मोजे काढून पटकन क्लिप ओढावीशी वाटते ती याच क्षणी, आणि घामाने ओला हात वीज सगळ्यात सहज आत घेतो तोही याच क्षणी. ओल्या हातांनी शरीराचा रोध १,००० ओहमच्या आसपास धरतात. ३५० व्होल्टला हिशेब येतो ३५० मिलिअँपिअर, एका हातातून दुसऱ्या हाताकडे, मध्ये हृदय. घरातला ईएलसीबी ३० मिलिअँपिअरला पडतो तो माणूस वाचवण्यासाठी; गाडीच्या बॅटरीमागे असा कोणी पहारेकरी नाही. म्हणून उन्हाळ्यात ही कामं सकाळी लवकर घ्यायची, असा या गॅरेजचा शिरस्ता आहे. मला तो कुठल्याही छापील सूचनेइतकाच मोलाचा वाटला. शिवाय रबर उकाड्याने विरतं, म्हणून मोजे पत्र्याच्या शेडमध्ये ठेवत नाहीत. ऑफिसात, घडी न घालता, पिशवीत उभे टांगलेले असतात.

मोजे चढवल्यावर त्याने सर्व्हिस प्लग काढला. हा प्लग बॅटरीच्या सेलची साखळी मधोमध तोडतो. काही नव्या गाड्यांत तो नसतो, त्याऐवजी कमी व्होल्टची एक जोडणी सोडवायची असते. कुठे काय आहे हे त्या त्या मॉडेलच्या पुस्तकात बघायचं, आठवणीवर जायचं नाही. प्लग त्याने ड्रॉवरमध्ये ठेवून कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःच्या खिशात टाकली. स्टिअरिंगला पाटी अडकवली: काम चालू, नाव, वेळ. मग सगळे बसले.

दहा मिनिटं थांबायचं, कारण इन्व्हर्टरमध्ये मोठा कपॅसिटर असतो. बॅटरी तोडली तरी तो भरलेलाच राहतो आणि हळूहळू रिकामा होतो. पाचशे मायक्रोफॅरडचा धरला तर ३५० व्होल्टला त्यात सुमारे ३० जूल ऊर्जा असते. किती वेळ थांबायचं ते कंपनी सांगते, कोणी पाच मिनिटं सांगते, कोणी दहा. गाडीचा मालक दोनदा आत डोकावून गेला. "काय व्हयनं भो? नुसतेच बसलात?" त्याची घाई खरी होती, त्याला दुपारी मालेगाव गाठायचं होतं. गॅरेज चालवणाऱ्या मिस्त्रींनी त्याला खुर्ची दिली, चहा मागवला आणि घड्याळाकडे बोट दाखवलं.

या थांबण्याची शिस्त चाळीसगावला नवी नाही. आपलं जंक्शन मुंबई-भुसावळ मार्गावरचं, धुळ्याची शाखा इथूनच फुटते, आणि फलाटावर उभ्या माणसाच्या डोक्यावर २५,००० व्होल्टची तार असते. रेल्वेच्या टीआरडी, म्हणजे या तारा सांभाळणाऱ्या खात्यातून निवृत्त झालेले एक शेजारी मला त्यांच्या कामाची पद्धत सांगत आले आहेत. तारेवर काम करायचं तर आधी भुसावळच्या कंट्रोलकडून पॉवर ब्लॉक घ्यायचा. वीज बंद केल्याचा निरोप नुसता तोंडी चालत नाही, त्यासोबत प्रायव्हेट नंबरची देवाणघेवाण होते आणि दोन्हीकडे लिहून ठेवला जातो. तरी तारेला कोणी हात लावत नाही. जिथे काम करायचं त्या जागेच्या दोन्ही बाजूंना डिस्चार्ज रॉड लावून तार जमिनीला जोडतात, मगच माणूस वर चढतो. शेजारच्या रुळावरची तार चालू असली तर बंद तारेतही वीज उपजते, हे त्यामागचं कारण. महावितरणचे जनमित्र, म्हणजे लाइनमन, अकरा हजार व्होल्टच्या लाइनवर परमिट घेऊन चढतात तेव्हाही हीच रीत. कुठल्या तरी बंगल्यातला जनरेटर उलटी वीज लाइनवर सोडू शकतो. बटण बंद असणं आणि तार मेलेली असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या गावात दोन-तीन पिढ्यांना माहीत आहे. गॅरेजात मात्र हे ज्ञान आपोआप चालत येत नाही. गॅरेजातल्या पोराने आजवर १२ व्होल्टची बॅटरी उघड्या हातांनी हाताळली आहे, आणि फार तर ठिणगी पाहिली आहे.

दहा मिनिटं झाली. त्याने कॉम्प्रेसरचा कनेक्टर मोजे घालूनच सोडवला आणि मीटर घेतला. हा मीटर कॅट-३, १,००० व्होल्टचा. काही शेकड्यांत मिळणारा मल्टिमीटर अशा जागी हातातच फुटू शकतो. मोजण्याची रीत मी लक्ष देऊन पाहिली. आधी सोडवलेल्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर मीटर लावला, आकडा आला, म्हणजे मीटर जिवंत आहे. मग नारिंगी केबलच्या कनेक्टरवर प्लस आणि मायनस, मग प्लस आणि बॉडी, मग मायनस आणि बॉडी. तिन्ही ठिकाणी जवळपास शून्य. आणि पुन्हा एकदा १२ व्होल्टच्या बॅटरीवर, कारण मधल्या काळात मीटरचा फ्यूज उडाला असेल किंवा वायर तुटली असेल तर ते शून्य खोटं ठरतं. मग त्याने मोजे काढले.

धाकट्याने विचारलं, "दादा, टेस्टर लावून बघितला असता तर?" प्रश्न अगदी रास्त होता. घरच्या वायरिंगमध्ये आपण सगळे तेच करतो: टेस्टरचं टोक तारेला, अंगठा मागच्या टोपीला, दिवा पेटला तर फेज. तो दिवा पेटतो कारण घरच्या विजेचं एक टोक जमिनीला बांधलेलं असतं आणि आपल्या अंगातून वर्तुळ पूर्ण होतं. विजेच्या गाडीत मोठ्या बॅटरीचं कुठलंच टोक बॉडीला किंवा जमिनीला जोडलेलं नसतं. साडेतीनशे व्होल्टच्या टोकावर टेस्टर ठेवला तरी तो बहुतेक पेटणार नाही. इथे टेस्टरवर भरवसा ठेवणारा माणूस जिवंत केबलला मेलेली समजेल. वर्षानुवर्षांची चांगली सवय ज्या ठिकाणी घात करते ते ठिकाण हे, आणि आयटीआयमध्ये पहिल्या दिवशी शिकवायला हवं ते हेच.

बॅटरी अशी अधांतरी ठेवण्याचा फायदाही आहे. एकाच टोकाला चुकून हात लागला तर वर्तुळ पूर्ण होत नाही. पण कुठे एका जागी केबलचं इन्सुलेशन सोललं आणि ते टोक बॉडीला टेकलं, की पुढे दुसऱ्या टोकाला हात लावणाऱ्याच्या अंगातून अख्खं व्होल्टेज जातं. पहिला बिघाड मुका असतो. म्हणून गाडी स्वतः सतत इन्सुलेशन मोजत असते, दर व्होल्टमागे ५०० ओहम हा प्रमाण मानला जाणारा हिशेब, आणि ते कमी झालं तर डॅशबोर्डवर दिवा लावते. तो दिवा नुसता स्कॅनर लावून पुसून टाकणं म्हणजे पुढच्या मिस्त्रीच्या जिवाशी खेळणं.

या गाडीचा खरा दोषही तिथेच निघाला. आधी कुठेतरी एसीत गॅस भरताना नेहमीचं पीएजी ऑइल गेलं होतं. बेल्टवरच्या कॉम्प्रेसरला ते चालतं. विजेवरच्या कॉम्प्रेसरमध्ये मोटरचं वाइंडिंग त्या तेलातच बुडालेलं असतं, त्याला वीज न वाहू देणारं पीओई ऑइल लागतं. चुकीचं तेल थोडं मिसळलं तरी इन्सुलेशन खाली येतं. थोरल्याने इन्सुलेशन मोजणारा मेगर लावला तो बॅटरीपासून सोडवलेल्या कॉम्प्रेसरवरच, आणि आकडा पडला. गॅस भरणारा माणूस काही निष्काळजी नसेल; त्याला कोणी सांगितलंच नसेल. मला काळजी वाटते ती त्याचीच. कंपनीच्या वर्कशॉपमधल्या माणसाला प्रशिक्षण मिळतं. एसीवाला, डेंटिंग-पेंटिंगवाला, घाटात अडकलेली गाडी ओढणारा क्रेनवाला, प्रेशरने इंजिनाची जागा धुणारा पोरगा यांना कोण सांगणार? ३१ ऑगस्ट २०२१ ला तितूर आणि डोंगरी नद्यांचं पाणी गावात शिरलं, त्याच वेळी कन्नड घाटात दरडी कोसळल्या. तेव्हा विजेच्या गाड्या इथे क्वचित दिसत. तसा पूर पुन्हा आला तर चिखलातून ओढून काढलेली विजेची गाडी कोणाच्या तरी अंगणात उभी राहील. तिला चार्जर लावायचा नाही, चालू करून बघायची नाही, इमारतीपासून लांब मोकळ्यावर ठेवायची. पाणी गेलेली किंवा चेमटलेली बॅटरी काही दिवसांनीसुद्धा पेट घेऊ शकते.

आणखी एक गल्लत रोज घडते. गावात विजेच्या स्कूटर आणि ई-रिक्षा भरपूर, त्यांच्या बॅटऱ्या बहुतेक ५० व्होल्टच्या आसपास. पोरं त्यांच्यावर हात बसवतात, उघड्या हातांनी, आणि शॉक लागत नाही म्हणून धीट होतात. तिथे धोका भाजण्याचा असतो: पाना दोन टोकांवर पडला तर शेकडो अँपिअर वाहतात आणि पाना वितळतो. पण जानेवारी २०२० मध्ये आलेल्या नेक्सॉन ईव्हीपासून ३२० व्होल्टच्या आसपासच्या गाड्या जिल्ह्याच्या रस्त्यांवर दिसू लागल्या आणि स्कूटरवर शिकलेला धीटपणा तिथे उपयोगाचा नाही. शिवाय डीसीचा आर्क. घरातली एसी वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यातून जाते, त्यामुळे ठिणगी विझायला वाव मिळतो. डीसीला तसं शून्य नसतं. चालू भारावर कनेक्टर ओढला तर जाळ लांबत जातो.

थोरला काम करत असताना धाकटा रिकामा उभा होता, असं मालकाला वाटलं असेल. तो उभा होता ते काम म्हणून. भिंतीला लाकडी दांड्याचा इन्सुलेटेड आकडा टांगलेला आहे. थोरला चिकटलाच तर त्याला हाताने न धरता त्या आकड्याने ओढायचं, श्वास आणि नाडी बघायची, थांबली असेल तर छाती दाबायला लागायचं आणि १०८ ला फोन करायला दुसऱ्याला सांगायचं. शॉक लागून पोरगा हसत उठला तरी त्याला ईसीजी काढायला दवाखान्यात न्यायचंच, कारण हृदयाची लय नंतरही बिघडू शकते. एकट्याने हे काम करायचं नाही, हा नियम छोट्या गॅरेजला महाग पडतो. पण तो मोडला की बाकीचे सगळे नियम अर्धे होतात.

नवा कॉम्प्रेसर यायला दोन दिवस लागणार होते, मालकाला मालेगावला एसटीने जावं लागलं. बिलाचा अंदाज त्याच्या हातात दिला तेव्हा त्यात एक ओळ वेगळी होती: हाय व्होल्टेज बंद करणे व तपासणे. त्याने विचारलं, हे कशाचे पैसे? मिस्त्रींनी सरळ सांगितलं की मघाशी तुम्ही जो वेळ मोजत होतात त्याचे. तो वेळ मजुरीत दडवला तर पुढच्या गाडीला कोणीतरी तो वाचवायला बघेल, असं त्यांचं म्हणणं, आणि मला ते पूर्ण पटतं. मोजे, मीटर, सहा महिन्यांची तपासणी, दोन माणसांचा वेळ हे सगळं गिऱ्हाइकाला दिसलं पाहिजे.

कॉम्प्रेसर बसवल्यावर प्लग थोरलाच लावणार; ज्याने काढला त्यानेच लावायचा आणि त्याआधी हत्यारं मोजायची. पुढच्या गाडीला धाकट्याने करायचं आणि थोरल्याने आकड्यापाशी उभं राहायचं, असं ठरलं आहे. अडचण एकच आहे. गॅरेजातला मोज्यांचा जोड दहा नंबरचा, धाकट्याचे हात आठ नंबरचे. सैल मोज्यात क्लिप सापडत नाही आणि मग मोजा काढावासा वाटतो. त्याच्या मापाचा जोड मागवला आहे. तो येईपर्यंत त्याला नारिंगी केबलला हात लावायची परवानगी नाही.