बारा वर्षं, बारा शब्द

आमच्या ताडकळसला बिटकॉइन आला तो पुण्यामार्गे. पूर्णा तालुक्यातलं हे गाव कापूस, सोयाबीन आणि तुरीवर चालतं. पोरं शिकून पुण्याला कंपनीत लागतात, सणाला ट्रॅव्हल्सनं गावाकडं येतात आणि येताना काहीतरी नवं घेऊन येतात. कधी नवा मोबाइल, कधी एसआयपीचं गणित, कधी एखादी ‘चेन’. २०१७ च्या सुमारास याच वाटेनं बिटकॉइनचा विषय पारावर पोचला. सांगणारा अनोळखी नसायचा. कोणाचा मेहुणा, कोणाचा चुलतभाऊ, कोणाचे पाहुणे. त्यामुळं प्रश्न विचारणं म्हणजे नात्यावर अविश्वास दाखवल्यासारखं व्हायचं.

तेव्हापासून भाव किती चढला आणि किती पडला, हे सगळ्यांना तोंडपाठ आहे. पैसे चोरीला कसे गेले, याचा हिशेब मात्र फारसा कोणी मांडत नाही. तो मांडला की एक गोष्ट ठळक दिसते. एवढ्या वर्षांत बिटकॉइनमागचं गणित कोणाला फोडता आलेलं नाही. जे गेलं ते बहुतेक सगळं किल्ली दुसऱ्याकडे ठेवली म्हणून, किल्ली जपली नाही म्हणून किंवा न वाचता सही केली म्हणून गेलं.

रिझर्व्ह बँकेनं पहिला इशारा दिला तो २४ डिसेंबर २०१३ ला. पुढच्या दोनच महिन्यांत टोकियोचं ‘माउंट गॉक्स’ हे एकेकाळचं जगातलं सर्वांत मोठं बिटकॉइन एक्स्चेंज बुडालं. सुमारे साडेआठ लाख बिटकॉइन गेल्याचं कंपनीनं सांगितलं. त्यातले दोन लाख पुढं सापडले. ज्यांची नाणी बुडाली त्यांनी ती स्वतःकडं ठेवलीच नव्हती. एक्स्चेंजच्या खात्यावर दिसणारा आकडा म्हणजे कंपनीनं दिलेला शब्द, एवढंच. ही बातमी मराठी वाचकापर्यंत पोचली ती कोपऱ्यातल्या चौकटीत. आपल्याकडचा धडा यायला अजून चार वर्षं होती.

तो आला ‘गेनबिटकॉइन’च्या रूपानं. अमित भारद्वाजची योजना ऐकायला सरळ होती: बिटकॉइन आमच्याकडं द्या, आम्ही त्यावर ‘मायनिंग’ करू, म्हणजे संगणकांवर नवी नाणी काढू, दरमहा दहा टक्के, अठरा महिने. हॉटेलांत सेमिनार झाले, खालच्या साखळीला कमिशन मिळालं. सुरुवातीला परतावा मिळालाही, आणि ज्यांना मिळाला त्यांनीच पुढच्यांना ओढलं. मग बिटकॉइनऐवजी ‘एमकॅप’ नावाचं कंपनीचं स्वतःचं टोकन हातावर ठेवलं गेलं, ज्याला बाजारात फारसं कोणी विचारत नव्हतं. पुण्यात गुन्हे दाखल झाले, आमच्या शेजारच्या नांदेडलाही झाला, आणि एप्रिल २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी भारद्वाजला अटक केली. ईडीच्या म्हणण्यानुसार जमा झालेल्या बिटकॉइनची किंमत २०१७ च्या भावानंच ६,६०० कोटी रुपये होती. जानेवारी २०२२ मध्ये भारद्वाजचा मृत्यू झाला. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाला त्याच्या भावाला सांगावं लागलं की वॉलेटचं युजरनेम आणि पासवर्ड तपास यंत्रणेला द्या. बँकेचं खातं असतं तर एका पत्रावर गोठवता आलं असतं. इथं किल्ली नसेल तर न्यायालयाचा आदेशही नाण्यापर्यंत पोचत नाही.

ही किल्ली म्हणजे नेमकं काय, ते एकदा नीट पाहायला हवं, कारण पुढची सगळी फसवणूक तिच्याभोवती फिरते. वॉलेटमध्ये नाणी नसतात. नाण्यांची नोंद जगभरच्या हजारो संगणकांवर एकाच वेळी असते. वॉलेट सांभाळतं ती फक्त त्या नोंदीवर हुकूम चालवणारी गुप्त किल्ली. माणसाला ती कागदावर उतरवता यावी म्हणून २०१३ मध्ये एक पद्धत निघाली. २,०४८ साध्या इंग्रजी शब्दांची ठरलेली यादी आणि त्यातले बारा किंवा चोवीस शब्द, ठरावीक क्रमानं. यादी अशी बेतली आहे की पहिल्या चार अक्षरांवरूनच शब्द ओळखू यावा. शेवटच्या शब्दात आधीच्यांची पडताळणी दडलेली असते, म्हणून लिहिताना चूक झाली तर ती बहुतेक वेळा उघडी पडते. नवं वॉलेट उघडलं की अॅप हे शब्द दाखवतं, वहीत उतरवायला सांगतं आणि लगेच परीक्षा घेतं: तिसरा कोणता, नववा कोणता?

वही काढायचा कंटाळा येतो तो इथंच. काही अॅप या पानाचा स्क्रीनशॉट घेऊ देत नाहीत, तर पोरं शेजारच्याचा मोबाइल घेऊन त्यानं फोटो काढतात. तो फोटो रात्री वायफाय मिळालं की आपोआप त्या शेजाऱ्याच्या क्लाउडवर जातो. म्हणजे वॉलेट उघडून एक दिवस झाला नाही तोवर किल्लीच्या दोन प्रती परक्या जागी. पुढं सहा महिन्यांनी वॉलेट रिकामं झालं की ‘हॅक झालं’ म्हणायचं.

एप्रिल २०१८ हा महिना या मागोव्यात पुन्हा येतो. ६ तारखेला रिझर्व्ह बँकेनं बँकांना क्रिप्टोच्या व्यवहारांतून बाहेर पडायला सांगितलं. त्याच महिन्यात दिल्लीच्या ‘कॉइनसिक्योर’ एक्स्चेंजमधून ४३८ बिटकॉइन गेले आणि कंपनीनं बोट दाखवलं ते स्वतःच्याच सुरक्षा अधिकाऱ्याकडं. ४ मार्च २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक रद्द केलं, तीनच आठवड्यांत टाळेबंदी लागली आणि पुण्याची पोरं लॅपटॉप घेऊन गावी परतली. २०२१ च्या पावसाळ्यात सोयाबीननं क्विंटलला दहा हजारांचा टप्पा गाठला, त्याच वर्षी नोव्हेंबरात बिटकॉइन ६९ हजार डॉलरच्या आसपास पोचला. नवं सोयाबीन बाजारात येईतो त्याचा भाव घसरला होता, बिटकॉइनही पुढच्या वर्षभरात पाव किमतीला आला. खेळणाऱ्यांची संख्या मात्र कायमची वाढली.

मार्च २०२२ ची पुण्यातली अटक या सगळ्यात मला सर्वांत बोलकी वाटते. गेनबिटकॉइनच्या तपासात पोलिसांनी मदतीला घेतलेले दोन सायबर तज्ज्ञ, त्यांतला एक माजी आयपीएस अधिकारी, पोलिसांनीच पकडले. आरोप असा की आरोपींच्या वॉलेटचा ताबा तपासासाठी मिळाल्यावर त्यांतली नाणी त्यांनी वळवली आणि शिल्लक कमी दाखवणारे फेरफार केलेले स्क्रीनशॉट पोलिसांना दिले. खरंखोटं न्यायालय ठरवेल. पण या आरोपातच दोन गोष्टी कळतात. किल्ली ज्यानं पाहिली, त्याचा हेतू कसाही असो, तो मालकाइतकाच मालक होतो. आणि स्क्रीनशॉट हा पुरावा नव्हे. वॉलेटचा पत्ता माहीत असेल तर त्यावरची शिल्लक कोणालाही, नाण्यांच्या नोंदी दाखवणाऱ्या ‘एक्स्प्लोरर’ संकेतस्थळावर थेट पाहता येते. ‘बघा, माझ्या खात्यावर एवढे आलेत’ म्हणून मोबाइल पुढं करणाऱ्या पाहुण्याला पत्ता मागावा, चित्र मागू नये.

मग १८ जुलै २०२४ उजाडला. ‘वझीरएक्स’ या नावाजलेल्या भारतीय एक्स्चेंजच्या एका वॉलेटमधून २३ कोटी डॉलरहून अधिक, म्हणजे जवळपास दोन हजार कोटी रुपयांची नाणी गेली. या वॉलेटला एक किल्ली नव्हती, सहा होत्या. पाच कंपनीकडं, सहावी ‘लिमिनल’ या सांभाळ करणाऱ्या कंपनीकडं. कंपनीच्या तिघांनी सही केल्यावर लिमिनलची मंजुरी, असा बंदोबस्त. तरी चोरी झाली, कारण सही करणाऱ्यांना पडद्यावर दिसत होता एक व्यवहार आणि सही पडली दुसऱ्यावर. त्या सहीनं वॉलेटचा ताबाच चोरांकडं गेला. दोष कोणाच्या यंत्रणेचा, यावर दोन्ही कंपन्यांचं सांगणं वेगळं आहे. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरियानं संयुक्त निवेदनात ही चोरी उत्तर कोरियाच्या नावावर मांडली. पुढच्याच महिन्यात दुबईच्या ‘बायबिट’मधून दीड अब्ज डॉलर गेले, तेही याच तऱ्हेनं.

न वाचता सही करण्याचा हा प्रकार आपल्या मातीला नवा नाही. कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर उमटलेल्या अंगठ्यांनी किती जमिनी सावकाराघरी गेल्या! १८७५ मध्ये सुप्यापासून पेटलेल्या दख्खनच्या दंग्यात शेतकऱ्यांनी नेमके कर्जरोखेच हुडकून जाळले. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, पण पलीकडं इंग्रजी मुलखात सरकारला १८७९ चा कायदा आणावा लागला आणि त्यात शेतकऱ्याचा दस्त गावच्या निबंधकासमोर करण्याची तरतूद आली. मधे एक वाचणारा माणूस बसवला गेला. क्रिप्टोत तो माणूस नाही. ‘अप्रूव्ह’चं बटण दाबलं की दस्त झाला, तो रद्द करणारं कार्यालय कुठंच नाही.

वझीरएक्सच्या ग्राहकांनी पुढं सव्वा वर्ष वाट पाहिली. प्रकरण सिंगापूरच्या न्यायालयात गेलं, आराखडा मंजूर झाला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये व्यवहार पुन्हा सुरू झाले. दरम्यान जुलै २०२५ मध्ये ‘कॉइनडीसीएक्स’चे ४ कोटी ४० लाख डॉलर गेले, ते कंपनीच्या स्वतःच्या खात्यातले असल्यानं ग्राहकांना झळ बसणार नाही, असं तिनं सांगितलं. २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर आणि विक्रीवर १ टक्का टीडीएस आहे, मार्च २०२३ पासून मनी लाँडरिंगचा कायदाही लागू आहे. सरकारनं या पैशाची नोंद घेतली, पण बँकेच्या ठेवीला असतो तसा विमा त्याला दिलेला नाही.

हे झालं मोठ्यांचं. ताडकळसच्या माणसाला गाठायला उत्तर कोरियाची गरज पडत नाही. इथं येते ती ‘पीएम किसान’ किंवा ‘आरटीओ चलान’ नावाची एपीके फाइल, गावच्याच व्हॉट्सअॅप ग्रुपवर, ओळखीच्या नंबरवरून; कारण त्या ओळखीच्याचा मोबाइल आधीच चोरांच्या ताब्यात गेलेला असतो. ती फाइल एसएमएस वाचते, ओटीपी उचलते. इथं येतो टेलिग्रामवरचा ‘टास्क’, ज्यात पहिले पाचशे रुपये खरंच मिळतात. गुगलवर शोधलेला खोटा कस्टमर केअर येतो आणि स्क्रीन दाखवा म्हणतो. आणि ज्याचं एकदा गेलं, त्याच्याकडं महिन्याभरात ‘तुमचे पैसे परत मिळवून देतो’ म्हणणारा येतो. तो आधी फी मागतो, नाहीतर तेच बारा शब्द. त्याची वाट पाहत बसलेली माणसं पाहिली की वाईट वाटतं.

एक त्रास तर खास खेड्याच्या वाट्याचा. यूएसडीटी, म्हणजे डॉलरच्या भावाला बांधलेलं क्रिप्टो नाणं, विकताना थेट माणसामाणसांत सौदा होतो. समोरच्यानं पाठवलेली रक्कम कुठल्यातरी फसवलेल्या माणसाची निघाली, तर परराज्यातल्या पोलिसांच्या तक्रारीवरून तुमचं खातं होल्डवर जातं. ज्या खात्यावर पीक विमा आणि अनुदान येतं, तेच खातं. मग पाच हजारांच्या नफ्यापायी बियाण्याचे पैसे अडकतात आणि कुठल्यातरी दूरच्या ठाण्याला अर्ज लिहीत बसावं लागतं.

एवढ्या वर्षांतून हाती लागतं ते थोडकं आहे. रोजच्या उलाढालीपुरतंच मोबाइलच्या वॉलेटमध्ये ठेवावं. मोठी रक्कम असेल तर हार्डवेअर वॉलेट, म्हणजे किल्ली मोबाइलबाहेर सांभाळणारं छोटं यंत्र, घ्यावं, तेही थेट बनवणाऱ्याकडून. डब्यात शब्द आधीच छापलेले आले तर ते वापरूच नये. शब्द कागदावर, दोन वेगळ्या जागी, फोटो नाही. पत्ता जुन्या व्यवहारांच्या यादीतून कॉपी करू नये, कारण पहिली आणि शेवटची चार अक्षरं सारखी असलेल्या पत्त्यावरून चोर मुद्दाम किरकोळ रक्कम पाठवून ठेवतात. मे २०२४ मध्ये याच सापळ्यात एकाचे सुमारे ६ कोटी ८० लाख डॉलर चुकीच्या पत्त्यावर गेले होते. त्याचे परत आले, ते अपवाद म्हणून. तेव्हा मधली अक्षरंही वाचावीत आणि मोठ्या रकमेआधी थोडी पाठवून पाहावी. फसलोच तर लाज बाजूला ठेवून लगेच १९३० ला फोन करावा. बँकेतून निघालेला पैसा पहिल्या काही तासांतच अडवता येण्याची शक्यता असते. क्रिप्टोत रूपांतर झाल्यावर ती फार कमी उरते.

आणि वारसाचं पाहून ठेवावं. गेलेल्या माणसाच्या नावावरचं शेत मुलांच्या नावावर यायला तलाठी आहे, फेरफार आहे. स्वतःच्या वॉलेटला यातलं काही नाही; शब्द सापडले नाहीत तर नाणी नोंदीत कायमची दिसत राहतात आणि कोणाच्याच कामाची नसतात. घरातल्या एका भरवशाच्या माणसाला कागद कुठं ठेवलाय ती जागा सांगून ठेवावी, शब्द सांगू नयेत. एवढं करणं ज्याला जड वाटतं, त्यानं या फंदात न पडलेलं बरं. बारा शब्द जपायची तयारी नसताना घेतलेलं नाणं आपलं नसतं. ते फक्त अजून कोणी नेलेलं नसतं.