भाड्याच्या घराची दुरुस्ती : घरमालक व भाडेकरू यांच्या जबाबदाऱ्या

प्रस्तावना :
शेवगाव हे अहिल्यानगर जिल्ह्यातील तालुक्याचे गाव आहे. अशा गावी बदलीवर आलेले शिक्षक, प्राध्यापक, बँक कर्मचारी आणि खेड्यापाड्यांतून शिक्षणासाठी आलेले विद्यार्थी भाड्याच्या घरात राहतात. पावसाळ्यात छत गळू लागले किंवा मोरीचे पाणी तुंबले की खर्च कोणी करावयाचा, हा प्रश्न निर्माण होतो. बहुधा तो घरमालकाच्या मर्जीवर किंवा भाडेकरूच्या सोशिकपणावर सोडला जातो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाची कायदेशीर बाजू स्पष्ट केली आहे.

भाडे नियंत्रण कायद्यातील तरतूद :
महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. भाडेकरूने विरुद्ध करार केलेला नसेल, तर घर राहण्यायोग्य स्थितीत ठेवण्याचे बंधन कलम १४ घरमालकावर घालते. किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊनही वाजवी मुदतीत दुरुस्ती झाली नाही, तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र एका वर्षात वळती करावयाची रक्कम वार्षिक भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा अधिक असू शकत नाही. उदाहरणार्थ, मासिक भाडे ४,००० रुपये असल्यास वार्षिक भाडे ४८,००० रुपये होते; म्हणून त्या वर्षी १२,००० रुपयांपर्यंतच रक्कम वळती करता येते. खर्चाच्या पुराव्यासाठी हिशोब व पावत्या जपून ठेवणे आवश्यक आहे. हा अधिनियम त्याच्या अनुसूचींत समाविष्ट क्षेत्रांना लागू होतो. त्यामुळे आपले गाव त्यात येते किंवा नाही, याची खात्री प्रथम करून घ्यावी.

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ :
जेथे भाडे नियंत्रण कायदा लागू नाही, तेथे भाडेपट्ट्यास या अधिनियमाचे कलम १०८ लागू होते. करार वा स्थानिक रूढी वेगळी नसेल, तर भाडेकरूने घर मिळाले त्याच स्थितीत राखून परत करावयाचे असते. नैसर्गिक झीज व अपरिहार्य आपत्ती यांचा त्यास अपवाद आहे. घरमालकाने, ज्या दुरुस्त्यांचे बंधन त्याच्यावर आहे त्या टाळल्या, तरच खर्च वळता करता येतो. म्हणजेच हे बंधन मुळात कोठे लिहिले आहे, हा प्रश्न येथे निर्णायक ठरतो.

लीव्ह अँड लायसन्स करार :
आज अनेक घरे अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्स करारावर दिली जातात. अशा करारान्वये राहणारी व्यक्ती कायद्याने भाडेकरू ठरत नाही. त्यामुळे कलम १४ चे संरक्षण तिला मिळत नाही. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम ५७ नुसार, राहणाऱ्यास माहीत नसलेला पण स्वतःस ठाऊक असलेला धोकादायक दोष उघड करणे मालकावर बंधनकारक आहे. याखेरीज दुरुस्तीची जबाबदारी मुख्यतः करारातील कलमांवरच अवलंबून राहते. छापील नमुन्यावर न वाचता सही करणारा आपला हक्क तेथेच गमावतो.

कामांची विभागणी :
केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२१ मध्ये मंजूर केलेला आदर्श भाडेकरार अधिनियम राज्याने स्वीकारल्याशिवाय बंधनकारक होत नाही. तथापि त्याची दुसरी अनुसूची करार लिहिताना उपयुक्त ठरते. तीनुसार इमारतीच्या मूळ बांधकामाची दुरुस्ती, भिंतींची रंगसफेदी, नळाच्या वाहिन्या बदलणे व विजेची मुख्य वायरिंग ही मालकाची कामे होत. नळ व त्याचे वायसर बदलणे, मोरीची सफाई, विजेची बटणे, कड्या-कुलुपे व खिडक्यांच्या काचा ही भाडेकरूची कामे होत. भाडेकरूच्या हातून झालेले नुकसान मात्र त्यानेच भरून द्यावयाचे असते.

निष्कर्ष :
भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम ५५ नुसार करार लेखी व नोंदणीकृत असणे आवश्यक असून नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. त्याच करारात दुरुस्तीच्या कामांची यादी जोडावी, घराचा ताबा घेताना दोघांनी मिळून पाहणी करावी आणि आढळलेले दोष लिहून त्याखाली सह्या कराव्यात. छत गळू लागल्यावर होणारा वाद या एका पानाने बव्हंशी टळू शकतो.