श्वासाची रुजवात

गडचिरोली जिल्ह्याच्या अंतर्भागात, जेथे तान्ह्या मुलाला धाप लागली असता दवाखाना कोसानुकोस दूर आणि पावसाळ्यात मध्ये भरून वाहणारा नाला अशी स्थिती वर्षानुवर्षे होती, तेथे डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली स्थापन केलेल्या 'सर्च' या संस्थेने एक अगदी लहानसे साधन उपयोगात आणले. एका मिनिटात रिती होणारी वाळूची घटिका आणि तिच्या जोडीला ओळीने बसवलेले काही मणी, एवढाच त्याचा सरंजाम. ज्या दाईला आकडे फार पुढे मोजता येत नसत, तिने बाळाच्या पोटाच्या हालचालीकडे दृष्टी लावून बसावे, दहा श्वास झाले की एक मणी सरकवावा, आणि वाळू संपण्यापूर्वीच शेवटच्या लाल मण्याची पाळी आली तर हा न्यूमोनिया आहे असे समजून औषध सुरू करावे, अशी ती तजवीज होती. दोन महिन्यांखालील बाळासाठी मिनिटाला ६० श्वास आणि त्याहून मोठ्या, वर्षाच्या आतील बाळासाठी ५० श्वास ही मर्यादा. गावातल्या गावात न्यूमोनियावर उपचार करून बालमृत्यू घटवता येतात, हा या कामाचा निष्कर्ष १९९० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

बालकाच्या बाबतीत श्वास मोजणे हेच निदान होते. त्याच मुलखातील प्रौढ मनुष्य कर्करोगाच्या संशयाने नागपूर गाठतो आणि तेथे पेट स्कॅनच्या टेबलावर निजतो, तेव्हा मात्र त्याचा शांत, निरोगी श्वासदेखील निदानाच्या आड येतो, आणि तो नेमका किती आड आला याचा हिशेब मांडल्यावाचून चित्रावर पुरता विश्वास ठेवता येत नाही. हा हिशेब कसा मांडतात हे सामान्य वाचकालाही कळण्यासारखे आहे. आणि ज्याच्या घरचे कोणी या यंत्राखाली जाऊन आले असेल, त्याने तर ते अवश्य समजून घ्यावे असे मला वाटते.

आधी यंत्राविषयी. क्ष-किरणांचे सी.टी. यंत्र शरीराची रचना दाखवते. पेट यंत्र शरीराचा व्यवहार दाखवते. रुग्णाला चार ते सहा तास उपाशी ठेवून, रक्तातील साखर तपासून, ग्लुकोजसारखेच पण फ्लोरिन-१८ हा किरणोत्सर्गी अणू जोडलेले एक द्रव्य शिरेतून दिले जाते. कर्कपेशी साखरेच्या अधाशी असल्यामुळे त्या हे द्रव्य अधिक प्रमाणात ओढून घेतात, आणि तासाभराच्या विश्रांतीनंतर रुग्ण यंत्रात जातो तेव्हा त्याच्या शरीरात कोठे किती द्रव्य साठले आहे हे बाहेरून टिपता येते. फ्लोरिनच्या अणूतून बाहेर पडणारा पॉझिट्रॉन लगतच्या इलेक्ट्रॉनला भेटला की दोघेही नष्ट होऊन दोन गामा किरण परस्परविरुद्ध दिशांना सुटतात. यंत्राच्या कड्यातील समोरासमोरच्या दोन शोधकांनी ते एकाच क्षणी पकडले, म्हणजे त्यांना जोडणाऱ्या रेषेवर कोठेतरी तो अणू होता असे ठरते. अशा कोट्यवधी रेषांमधून संगणक चित्र रचतो. या फ्लोरिनचे अर्धायुष्य सुमारे ११० मिनिटांचे आहे. भामरागडहून निघालेली गाडी नागपूरला पोहोचण्यास सात-आठ तास घेते, तेवढ्यात कुपीतले द्रव्य सोळाव्या हिश्श्याच्या आसपास येऊन ठेपेल. म्हणून हे औषध गावाकडे जाऊ शकत नाही, गावालाच औषधाकडे यावे लागते. आपल्या देशात या विद्येचा आरंभ परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये २००२ साली झाला, आणि २००४ साली टाटा मेमोरियल रुग्णालयात पेट व सी.टी. यांचे जोडयंत्र आले.

आता श्वासाचा प्रश्न. सी.टी.चे चित्र काही सेकंदांत उतरते, परंतु गामा किरणांची पुरेशी जमा होण्यासाठी पेट यंत्राला शरीराच्या प्रत्येक टप्प्यावर दोन-तीन मिनिटे थांबावे लागते. मनुष्य मिनिटाला बारा ते अठरा वेळा श्वास घेतो. म्हणजे छातीचा भाग टिपला जात असताना तीस-चाळीस श्वास होऊन जातात, आणि प्रत्येक श्वासागणिक श्वासपटल साधारण एक ते दोन सेंटिमीटर खाली-वर होते. यंत्राची स्वतःची दृष्टी चार ते सहा मिलिमीटरपर्यंत पोहोचते. पण ज्या गोष्टीकडे पाहायचे तीच दोन सेंटिमीटर सरकत असेल, तर त्या तीक्ष्णतेचा उपयोग काय? फुप्फुसाच्या तळाशी असलेली हरभऱ्याएवढी गाठ चित्रात लांबट व फिकट उमटते. तिचा आकार असतो त्याहून मोठा भासतो आणि तिची तेजस्विता असते त्याहून कमी भरते. या तेजस्वितेचा एक आकडा काढण्याचा प्रघात आहे, आणि उपचारापूर्वीचा आकडा व नंतरचा आकडा यांच्या तुलनेवरून औषध लागू पडले की नाही हे डॉक्टर ठरवतात. तेव्हा हा आकडा श्वासाने खाल्ला तर केवळ चित्र बिघडत नाही, निर्णय बिघडतो.

याहून सूक्ष्म अशी दुसरी एक अडचण आहे, आणि तिचा इतिहास मला विशेष मननीय वाटतो. शरीरातून बाहेर पडताना काही गामा किरण वाटेतच शोषले जातात. खोलवरचे अधिक, वरवरचे कमी. हाडातून अधिक, हवेने भरलेल्या फुप्फुसातून कमी. ही तूट भरून काढल्याखेरीज चित्र खरे होत नाही. पूर्वी याकरिता किरणोत्सर्गी कांडी रुग्णाभोवती फिरवून शोषणाचा नकाशा काढीत. त्या कामाला कित्येक मिनिटे लागत, परंतु त्या मिनिटांतही रुग्ण श्वास घेतच असे, त्यामुळे नकाशा आणि चित्र दोन्ही सारखीच पुसट येत आणि परस्परांशी जुळत. डेव्हिड टाऊनसेंड व रोनाल्ड नट यांच्या प्रयत्नांतून पेट व सी.टी. यांचे पहिले जोडयंत्र १९९८ साली पिट्सबर्ग विद्यापीठात सुरू झाले, आणि तेव्हापासून शोषणाचा नकाशा सी.टी.वरून काही सेकंदांत मिळू लागला. वेळ वाचला, रचना स्पष्ट झाली, पण जुळणी हरवली, कारण सी.टी.ने एका श्वासाचा एकच क्षण पकडला आणि पेटने शेकडो क्षणांची सरासरी काढली. तलाठ्याच्या दप्तरातील बांध आणि शेतातील प्रत्यक्ष बांध यांत हातभर फरक पडावा आणि वहिवाट कोणाची यावरून तंटा उभा राहावा, तसा तंटा येथे यकृत आणि फुप्फुस यांच्या सीमेवर उभा राहतो.

त्याचे एक उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. सी.टी. काढताना रुग्णाने खोल श्वास घेऊन रोखला, तर श्वासपटल खाली ढकलले जाते आणि यकृताच्या माथ्यावर, जेथे एरवी बहुतांश वेळ यकृतच असते, तेथे नकाशात हवा दिसते. संगणक त्या नकाशावर विसंबून तेथे तूट नाहीच असे धरतो व भरपाई करीत नाही. परिणामी चित्रात यकृताच्या घुमटावर केळ्याच्या आकाराचा एक रिता, फिकट पट्टा उमटतो. आणि यकृताच्या माथ्यावर खरोखरच एखादी गाठ असेल, तर ती या पट्ट्यात फिकी पडते किंवा उजव्या फुप्फुसाच्या तळाशी असल्याचा आभास निर्माण करते. यकृतातील गाठ फुप्फुसात गेली की रोगाचा टप्पा बदलतो, शस्त्रक्रियेचा विचार बदलतो, घरच्यांना सांगायची गोष्ट बदलते. म्हणून जाणता डॉक्टर अशा जागी भरपाई केलेले आणि न केलेले अशी दोन्ही चित्रे शेजारी ठेवून खातरजमा करतो, आणि म्हणूनच आज बहुतेक ठिकाणी सी.टी.देखील शांत, उथळ श्वास चालू असतानाच काढण्याचा परिपाठ आहे.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या संदर्भात या प्रश्नाला निराळे वजन येते. सुपारी, तंबाखू व चुना घोटून केलेला खर्रा हे या दोन्ही जिल्ह्यांचे जडलेले व्यसन आहे. गडचिरोलीत २०१६ पासून 'मुक्तिपथ' या नावाने दारू व तंबाखू यांविरुद्ध मोहीम चालू आहे ती उगाच नव्हे. खर्ऱ्याने होणारा कर्करोग मुखाचा. आणि जबडा काही श्वासाबरोबर खाली-वर होत नाही, म्हणून मूळ गाठीच्या चित्राला श्वासाची बाधा होत नाही. परंतु रोग अन्यत्र पसरला आहे काय, हे पाहताना डॉक्टरची नजर फुप्फुसांकडे जाते, आणि तेथे लहान गाठी शोधायच्या असतात त्या नेमक्या अशा ठिकाणीही, जेथे श्वासाची हालचाल सर्वांत मोठी असते. त्यात या भागातील क्षयाची भर. क्षयाच्या गाठीही साखर ओढून घेतात आणि चित्रात कर्करोगासारख्याच चमकतात. तेव्हा आकार, जागा आणि आकडा या तिन्हींत आधीच असलेला संदेह श्वासामुळे आणखी वाढू देणे परवडणारे नाही.

यावर उपाय म्हणून जी पहिली युक्ती निघाली ती श्वासाचे टप्पे पाडण्याची. रुग्णाच्या पोटावर दाब मोजणारा पट्टा बांधतात, किंवा छातीवर एक लहानशी ठोकळी ठेवून अवरक्त प्रकाशाचा कॅमेरा तिच्यावर रोखतात. श्वासाची लहर पडद्यावर उमटत राहते आणि यंत्र प्रत्येक गामा किरणाची नोंद वेळेसह ठेवते. मग संगणक श्वासचक्राचे, समजा, आठ भाग करून प्रत्येक भागातील किरणांचे वेगळे चित्र रचतो. २००२ सालच्या सुमारास न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग केंद्रात फुप्फुसाच्या कर्करोगाकरिता ही पद्धत वापरली गेली. गाठ आपल्या खऱ्या आकारात दिसू लागली, पण प्रत्येक चित्राच्या वाट्याला जमेचा आठवाच हिस्सा आल्यामुळे चित्र रवाळ झाले. आठ भाग केले की चित्रातील गोंगाट सुमारे पावणेतीनपट वाढतो. काहींनी तडजोड केली: उच्छ्वास पूर्ण झाल्यानंतर श्वासपटल क्षणभर स्थिरावते, तेवढ्याच काळातील किरण घ्यावेत आणि बाकीचे सोडून द्यावेत. चित्र सुधारले, पण रुग्णाने सोसलेल्या किरणोत्सर्गाची निम्मीअधिक कमाई फुकट गेली, ही गोष्ट मला खटकते.

म्हणून मला तिसरा मार्ग अधिक न्याय्य वाटतो. त्यात काहीच टाकून देत नाहीत. प्रत्येक टप्प्यात श्वासपटल, यकृत, फुप्फुसाचा तळ हे किती व कोणत्या दिशेने सरकले याचे गणित मांडून सर्व टप्पे एका ठरावीक स्थितीत परत आणून बसवतात, आणि मग सगळी जमा एकत्र करतात. जुळणी चुकली तर चित्र नव्याने बिघडते हा त्यातील धोका खरा. पण रुग्णाच्या शरीरातून निघालेला प्रत्येक किरण येथे कामी येतो. याहीपुढे असे ध्यानात आले की श्वासाची लहर मिळवण्यासाठी पट्टाही अनिवार्य नाही. यकृतासारखा तेजस्वी अवयव दर चार-पाच सेकंदांनी खाली-वर होताना शोधकांच्या ओळींवरील जमा त्याच तालात कमी-जास्त होते. यंत्राच्या कच्च्या दप्तरातच श्वास नोंदलेला असतो, तो गणिताने बाहेर काढता येतो. नव्या यंत्रांतून ही सोय आली आहे. कॅलिफोर्नियातील सायमन चेरी व रॅमसे बदावी यांच्या पुढाकाराने तयार झालेल्या, जवळजवळ दोन मीटर लांबीच्या यंत्राने २०१८ साली मानवी चित्रे घेतली. ते सबंध शरीर एकदमच टिपते आणि इतके संवेदनशील आहे की श्वास रोखून धरता येईल तेवढ्या अवधीतही चित्र मिळू शकते. पण ते यंत्र आपल्या जिल्ह्यांपर्यंत येण्याची वाट पाहत बसण्याचे कारण नाही.

सर्व गणिते श्वास बऱ्यापैकी नियमित आहे असे गृहीत धरून चालतात, आणि आपला रुग्ण नेमका तसा श्वास घेत नाही. कोळशाच्या खाणीत उमेदीची वर्षे काढलेल्या माणसाला खोकल्याची उबळ येते. घाबरलेला मनुष्य पहिली पाच मिनिटे भराभर श्वास घेतो आणि नंतर डोळा लागला की श्वास संथ होऊन श्वासपटलाची पातळीच बदलते. भामरागडच्या पलीकडून, पर्लकोटा नदीचे पाणी उतरण्याची वाट पाहून, दोन गाड्या बदलून आलेल्या म्हाताऱ्याला चाचणी पुन्हा करू या असे सांगणे म्हणजे त्याला जवळजवळ नाहीच म्हणणे होय. चंद्रपुरात जिल्हा खनिज प्रतिष्ठान, राज्य शासन आणि टाटा ट्रस्ट यांच्या सहभागाने कर्करुग्णालय उभे राहिले आहे. अंतराचा हा जाच त्यामुळे काही अंशी हलका व्हावा. पण अंतर घटले तरी एक काम शिल्लक राहतेच, आणि ते कोणत्याही यंत्राकडे सोपवता येणार नाही.

ध्वनिक्षेपकावरून 'सांस लो, रोको' असा हुकूम आला की माडिया बोलणारा मनुष्य, त्याला जेवढे कळले तेवढ्यावरून, छाती भरून श्वास घेतो आणि धरून ठेवतो. आणि वर सांगितलेला यकृताच्या माथ्यावरचा पट्टा येथूनच निपजतो. कसा श्वास घ्यायचा हे त्याला त्याच्या भाषेत, पोटावर हात ठेवून, दोन-चार वेळा करवून घेऊन दाखवले पाहिजे. सोबत आलेला मुलगा किंवा पुतण्या दुभाषाचे काम आनंदाने करील. मात्र त्याकरिता लागणारी पाच-दहा मिनिटे सुई टोचण्यापूर्वीच काढावी लागतात, कारण किरणोत्सर्गी औषध अंगात गेल्यावर नातेवाइकाला रुग्णाच्या शेजारी बसू देत नाहीत.