‘मुस्तफा’चे चित्र का फाटते? जुन्या आर्केड बोर्डांची दुरुस्ती

कॅपकॉम या जपानी कंपनीचा ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ हा गेम १९९३ साली आला. महाराष्ट्रातल्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये त्याला या नावाने फारसे कुणी ओळखत नसे. त्यातल्या मुस्तफा कैरो या पात्रावरून पोरांनी त्याला ‘मुस्तफा’ म्हटले आणि तेच नाव टिकले. लाकडी खोक्यात बसवलेला हा गेम चालतो तो हिरव्या सर्किट बोर्डांवर. तीसेक वर्षांनी त्या बोर्डांचे सर्वाधिक दिसणारे दुखणे म्हणजे चित्राचा बिघाड. माणसांच्या अंगावर उभ्या पट्ट्या येतात, रस्ता जांभळा दिसतो, गुणांचे आकडे भलत्याच जागी उमटतात. असा बोर्ड बहुधा ‘गेला’ म्हणून बाजूला टाकला जातो. प्रत्यक्षात गेलेली असते एखादी आयसी (चिप) किंवा एखादी पिन, आणि ती कुठे शोधायची हे बिघडलेले चित्रच सांगते.

त्यासाठी चित्र कसे तयार होते ते आधी समजून घ्यावे लागते. त्या काळी मेमरी महाग होती, म्हणून अख्ख्या पडद्याचे चित्र ठिपक्याठिपक्याने साठवून ठेवणे परवडत नसे. न्हाणीघराच्या भिंतीवर लाद्या बसवाव्यात तसे लहान चौकोन जोडून पडदा भरला जाई. १९८० सालच्या ‘पॅक-मॅन’मध्ये ८ × ८ ठिपक्यांच्या अशा लाद्यांचे २८ स्तंभ आणि ३६ ओळी आहेत. कोणती लादी कुठे बसवायची ते व्हिडिओ रॅममध्ये लिहिलेले असते. लादीचा आकार ग्राफिक्स रॉममध्ये कायमचा कोरलेला असतो आणि रंग पॅलेट नावाच्या तिसऱ्या मेमरीतून येतात. हलणारी पात्रे म्हणजे स्प्राइट. ती वेगळ्या सर्किटमधून येतात आणि लाइन बफर नावाच्या छोट्या मेमरीत ओळीओळीने रचली जाऊन मागच्या चित्रावर बसतात.

‘मुस्तफा’ ज्या सीपीएस-१ प्रणालीवर चालतो ती १९८८ सालची. ‘स्ट्रीट फायटर २’ही तिच्यावरच चालतो. तिचा पडदा ३८४ × २२४ ठिपक्यांचा. त्यावर ८, १६ आणि ३२ ठिपक्यांच्या लाद्यांचे तीन सरकते थर आणि १६ × १६ चे २५६ स्प्राइट एका वेळी दाखवता येतात. तीन बोर्ड एकमेकांवर बसवलेले असतात: ‘ए’वर प्रोसेसर आणि रॅम, ‘बी’वर गेमचे रॉम, ‘सी’वर थरांचे नियंत्रण करणारी खास आयसी. आकार, जागा आणि रंग असे वेगवेगळ्या ठिकाणी ठेवलेले असल्यामुळेच ही दुरुस्ती शक्य होते. आजच्या एका चिपमध्ये सगळे कोंबलेल्या यंत्रात ती सोय उरलेली नाही.

मात्र चित्राकडे पाहण्याआधी वीज मोजायची. हा क्रम मोडला की कामाचे तास वाया जातात. १९८५ साली जपानी उत्पादकांच्या संघटनेने जम्मा नावाचा जोडणीचा नमुना ठरवला. बोर्डाच्या कडेला ५६ संपर्कपट्ट्या असतात आणि वीज, रंग, आवाज, बटणे हे सारे त्यांतूनच जाते. बोर्डाला ५ व्होल्ट लागतात. ते पॉवर सप्लायवर मोजून उपयोग नाही, बोर्डावरच्या एखाद्या आयसीच्या पिनवर मोजायचे. सप्लाय ५ दाखवतो आणि जुनाट वायर व काळ्या पडलेल्या कनेक्टरमधून बोर्डापर्यंत ४.६ पोहोचतात, असे अनेकदा होते. एवढ्या कमी दाबावर गेम सुरू होतो, पण चित्रात कचरा दिसतो किंवा मधेच सगळे थिजते. मल्टिमीटर ४.९ ते ५.१ च्या दरम्यान दाखवेपर्यंत पुढे जाऊ नये.

परभणीसारख्या जिल्ह्यात या पायरीला जास्तच महत्त्व आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे तो एक आकडी होतो आणि मधल्या पावसाळ्यात हवा दमट असते. तापून फुगणे आणि थंड होऊन आकसणे वर्षानुवर्षे चालले की सॉकेटमधल्या आयसी हळूहळू वर सरकतात, कथिलाच्या सांध्यांना केसासारख्या भेगा पडतात. दमट हवेत पिना गंजतात. वर काळ्या मातीची बारीक धूळ आणि विजेची ये-जा. म्हणून पहिला उपचार साधाच असतो. वीज बंद करून संपर्कपट्ट्या पेन्सिलीच्या मऊ खोडरबराने घासायच्या, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायच्या, सॉकेटमधली प्रत्येक आयसी सावकाश काढून पिना साफ करायच्या आणि पुन्हा नीट दाबून बसवायच्या. पुष्कळ बोर्ड एवढ्यावरच सुधारतात. जुन्या काचेच्या पिक्चर ट्यूबच्या मागच्या बाजूला मात्र सराव नसलेल्याने हात घालू नये. तिथे २० हजार व्होल्टच्या घरात दाब असतो आणि मशीन बंद केल्यावरही तो काही काळ टिकतो.

पुढचा प्रश्न, दोष बोर्डात आहे की मॉनिटरमध्ये? सगळा पडदा एकाच छटेचा झाला असेल तर लाल, हिरवा, निळा यांपैकी एक वाट तुटलेली आहे. निळा गेला की सगळे पिवळसर होते, हिरवा गेला की जांभळट, लाल गेला की आकाशी. हा दोष बहुधा वायरीत किंवा कनेक्टरमध्ये निघतो. चित्र वर-खाली धावत असेल तर सिंकची, म्हणजे चित्र जागेवर धरणाऱ्या सिग्नलची, वायर तपासावी. दुसरा चांगला बोर्ड त्याच मशीनला जोडून पाहिला की शंका मिटते.

आता बोर्डाचे स्वतःचे दोष. आकार बरोबर आहेत पण रंग भलतेच आहेत, तर रॉम शाबूत आहेत आणि संशय पॅलेट रॅमवर जातो. लाद्या धड आहेत पण चुकीच्या जागी बसल्या आहेत, तर व्हिडिओ रॅम किंवा तिच्याकडे जाणारी एखादी अ‍ॅड्रेस लाइन बिघडली आहे. मागचे दृश्य स्वच्छ आणि फक्त माणसे फाटलेली, तर स्प्राइटचे सर्किट पाहायचे. त्यातही फक्त एकाआड एक आडव्या ओळी खराब असतील तर निदान जवळजवळ पक्के होते. कित्येक बोर्डांत लाइन बफर दोन असतात, एक पडद्यावर जात असताना दुसरा भरला जातो, आणि त्यांपैकी एकाची रॅम मेली की निम्म्या ओळी बिघडतात.

उभ्या पट्ट्या बहुतेकदा ग्राफिक्स रॉमकडे बोट दाखवतात. सीपीएस-१ मध्ये प्रत्येक ठिपक्याला ४ बिट, म्हणजे १६ ठिपक्यांच्या एका ओळीला ६४ बिट लागतात आणि ते चार रॉममध्ये वाटलेले असतात. एक रॉम वाचला गेला नाही तर ८ ठिपके रुंदीची पट्टी चांगली, पुढची वाईट, असा नमुना दिसतो. पट्ट्यांची रुंदी मोजली आणि सर्किटचा आराखडा समोर ठेवला की नेमका रॉम हाती लागतो. या टप्प्यावर चित्राचे नीट फोटो काढून ठेवावेत. घाईने सोल्डरिंग आयर्न तापवण्यापेक्षा त्याचा फायदा जास्त होतो.

संशयित रॉम काढून प्रोग्रामर नावाच्या उपकरणावर वाचता येतो. वाचलेली माहिती बरोबर की चूक हे ठरवण्यासाठी ‘मेम’ या प्रकल्पातल्या नोंदी उपयोगी पडतात. निकोला साल्मोरिया या इटालियन प्रोग्रामरने १९९७ मध्ये सुरू केलेल्या या प्रकल्पात हजारो आर्केड गेमच्या प्रत्येक रॉमची ओळखसंख्या नोंदलेली आहे. ती जुळली तर रॉम ठीक. काचेची खिडकी असलेले ईप्रॉम मात्र विशेष जपावे लागतात. त्यांच्यातली माहिती अतिनील प्रकाशाने पुसली जाते: खिडकी उघडी राहिली तर थेट उन्हात सुमारे आठवड्याभरात, ट्यूबलाइटच्या सततच्या उजेडात सुमारे तीन वर्षांत. म्हणून खिडकीवरचा स्टिकर सोलला असेल तर लगेच दुसरा लावावा.

रॅम आणि लहान लॉजिक आयसी यांच्यासाठी लॉजिक प्रोब हे स्वस्त साधन पुरते. पिनवर सिग्नल वर आहे, खाली आहे की धडधडतो आहे ते प्रोबचे दिवे सांगतात. आत सिग्नल धडधडत जातो आणि बाहेर काहीच येत नाही, ती आयसी संशयित. वीज बंद करून तशीच चांगली आयसी तिच्या पाठीवर पिनेला पिन लावून बसवण्याचीही पद्धत आहे. पुन्हा वीज दिल्यावर चित्र सुधारले तर खालची आयसी मेली आहे. सुधारले नाही म्हणून ती निर्दोष ठरत नाही, कारण आतून शॉर्ट झालेली आयसी वरच्या आयसीचेही चालू देत नाही.

‘मुस्तफा’च्या मूळ बोर्डाचा एक दोष यांपैकी कशातच बसत नाही आणि तोच माणसाला सर्वांत जास्त चकवतो. नक्कल रोखण्यासाठी कॅपकॉमने ‘सी’ बोर्डावरच्या खास आयसीची मांडणी लिथियम बॅटरीवर जिवंत ठेवली. बॅटरी संपली की आयसी मूळ मांडणीवर परत जाते, पण गेमचा प्रोग्राम थरांच्या सूचना जुन्याच पत्त्यांवर पाठवत राहतो. रॉम, रॅम, वीज सगळे ठीक असूनही पडद्यावर धड चित्र येत नाही. आवाजाच्या प्रोसेसरची किल्लीही अशाच एका बॅटरीवर असते, ती गेली की गेम मुका होतो. यावर उपाय आहे. मूळ मांडणीशी जुळणारा सुधारित प्रोग्राम ईप्रॉममध्ये भरून बसवला की चित्र परत येते. एका बॅटरीच्या आयुष्यावर अख्खा बोर्ड टांगून ठेवणे हा निर्णय ग्राहकावर अन्याय करणाराच होता. पार्लरमधल्या अनेक नकली बोर्डांवर अशी बॅटरी नसते.

आयसी बदलताना बोर्ड जपायचा, आयसी नव्हे. जुन्या आयसीचे पाय कटरने तोडून तिचा देह आधी वेगळा करावा, मग एकेक पाय तापवून चिमट्याने ओढावा, भोके पंपाने साफ करावीत आणि थेट नवी आयसी न लावता आधी सॉकेट बसवावे. सगळे पाय एकदम उपटण्याच्या नादात तांब्याची पट्टी उखडली तर बारीक वायरीचा पूल बांधून ती जोडता येते, पण ते टाळलेलेच बरे.

लहान लॉजिक आयसी अजून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा हैदराबादच्या कोठी भागात मिळतात आणि परभणीहून दोन्हीकडे थेट रेल्वे आहे. खास आयसी मात्र आता बनत नाहीत, त्या दुसऱ्या मेलेल्या बोर्डावरूनच काढाव्या लागतात. म्हणूनच सेलू, गंगाखेड, जिंतूर किंवा आणखी कुठल्याही गावी बंद पडलेल्या पार्लरचा बोर्ड कुणाच्या माळ्यावर असेल तर तो किलोच्या भावाने भंगारात देऊ नये. त्याच्यावर अशी बॅटरी असेल तर आधी ती मीटरने मोजावी. ती ३.६ व्होल्टची असते. आकडा ३ च्या आसपास आला असेल तर जाणत्या कारागिराकडून, चालू पुरवठा न तुटता, ती त्याच आठवड्यात बदलून घ्यावी.